पडलेलं हिम नदीत का सापडत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. झाडांची सीमा जिथे संपते तिथले दोन शेजारी पाणलोट, एक स्प्रूस या सदाहरित सूचिपर्णी झाडाच्या जंगलातला आणि दुसरा उघड्या टुंड्रातला. दोन्हीकडच्या मापकांत हिवाळाभराची हिमवृष्टी, पाण्याच्या हिशेबात, साधारण २०० मिलिमीटर. तरी जंगलातल्या ओढ्याला वसंतात पाणी कमी येतं, उशिरा येतं आणि रेंगाळत येतं. टुंड्रातला ओढा मात्र आठ-दहा दिवसांत फुगतो आणि मोकळा होतो. तापमानावर चालणारं तुमचं मॉडेल दोन्हीकडे चुकतं. गुणांक कितीही फिरवले तरी एक जमवावं तर दुसरं बिघडतं. चूक कुठे आहे?

गुणांकांत नाही. तुमच्या मॉडेलात एक टाकी आहे: वरून हिम पडतं, तिच्यात साठतं, ऊब आली की वितळतं आणि वितळलं की ओढ्यात जातं. प्रत्यक्षात या पायऱ्यांच्या मध्ये जागोजागी गळती आहे, आणि जंगलाची गळती जिथे आहे तिथे टुंड्राची नाही. हिवाळा सरताना नळी आणि तराजू घेऊन हिम मोजत फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातली पहिली काही वर्षं मीही सगळा दोष गुणांकांच्याच माथी मारत होतो.

आधी शब्दांचं एक सांगतो, नाही तर पुढे गोंधळ होईल. बोलताना आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. इथे ‘हिम’ म्हणजे आकाशातून पडलेलं, हवा धरून ठेवणारं भुसभुशीत प्रकरण, आणि ‘बर्फ’ म्हणजे पाणी गोठून झालेला घट्ट पदार्थ. ज्यांचं आयुष्यच हिमात जातं त्यांच्याकडे याहून नेमके शब्द आहेत. अलास्कातल्या कोबुक नदीकाठच्या लोकांचे असे काही शब्द विल्यम प्रुइट या प्राणिशास्त्रज्ञाने हिमाच्या अभ्यासात रुळवले: झाडांवर अडकलेलं हिम ‘काली’, जमिनीवर साठलेलं ‘अपी’, वाऱ्याने बडवून घट्ट केलेलं ‘उप्सिक’, तळाशी तयार होणारे मोठे सुटे दाणे ‘पुकाक’, आणि झाडाच्या बुंध्याभोवती पडणारा खळगा ‘कामानिक’. गंमत म्हणजे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या यादीतच आहे. काली आणि अपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्या भाषेला ठाऊक आहे, ती एका टाकीचं मॉडेल कधीच करणार नाही.

आता मापकाकडे या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे उलटं आहे: आडात भरपूर आहे, पोहराच गळका आहे. मापकाच्या तोंडाशी वारा वर उचलला जातो आणि हलकं हिम त्याच्यासोबत पलीकडे निघून जातं. पावसाच्या थेंबाला वजन असतं, त्यामुळे तो तुलनेने सरळ आत पडतो. हिमकणाला तेवढं वजन नाही. जागतिक हवामान संघटनेने १९८६ ते १९९३ या काळात अनेक देशांतले मापक शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. संदर्भासाठी निवडलेल्या मापकाभोवती लाकडी पट्ट्यांची दोन अष्टकोनी कुंपणं होती, बाहेरचं तब्बल १२ मीटर व्यासाचं. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर, आडोसा नसलेला मापक जोराच्या वाऱ्यात निम्म्याहून कमी हिम पकडतो असं दिसलं. शिवाय ध्रुवीय भागात कित्येक दिवस इतकं किरकोळ हिम पडतं की नोंदवहीत ते ‘लेशमात्र’ म्हणून जातं आणि बेरजेत शून्य धरलं जातं. असे दिवस हिवाळ्यात ढीगभर असतात.

म्हणजे तुमचे दोन २०० मिलिमीटर सारखे नाहीत. जंगलातला मापक झाडांच्या आडोशाला, लहान मोकळ्या जागेत असेल तर त्याचा आकडा बराचसा खरा आहे. टुंड्रातले २०० प्रत्यक्षात २८० असतील किंवा ३०० असतील. वाऱ्याच्या नोंदी असतील तर आधी ही दुरुस्ती करा. ती केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

आता जंगल. सदाहरित सूचिपर्णी झाड म्हणजे हवेत उभं केलेलं प्रचंड पृष्ठफळ. हिम पडतं तेव्हा त्यातलं बरंचसं जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. फांद्यांवर अडकतं, एकमेकांना चिकटतं, फांद्या वाकवतं. पश्चिम कॅनडाच्या उत्तरी जंगलात, सॅस्कचेवानमधल्या मोजणीत, दाट स्प्रूस आणि पाइनच्या फांद्यांनी हिवाळ्याच्या मध्यापर्यंत पडलेल्या हिमापैकी साठ टक्क्यांपर्यंत वाटा अडवून धरल्याचं दिसलं आहे. त्यातलं काही नंतर वाऱ्याने झडतं, काही घसरून पडतं, काही उबदार दिवशी ठिबकतं. बाकीचं हवेत जातं. न वितळता, थेट वाफ होऊन. शाळेत शिकलेलं संप्लवन ते हेच.

इथे नवशिक्यांना हमखास एक शंका येते. उणे वीस अंशांत हिमाची वाफ होईलच कशी? एक किलो हिम वितळवायला ३३४ किलोजूल लागतात, त्याची थेट वाफ करायला सुमारे २,८३० किलोजूल, म्हणजे साडेआठपट. एवढी ऊर्जा हिवाळ्यात आणायची कुठून? जमिनीवर पसरलेल्या हिमाला ती खरंच मिळत नाही. ते ऐंशी-नव्वद टक्के ऊन परत फेकतं आणि झाडांखाली वाराही जवळपास पडलेला असतो. फांदीवरच्या हिमाची गोष्ट निराळी आहे. ते गडद पानांमध्ये अडकलेलं असतं, पानं ऊन शोषतात आणि आजूबाजूची हवा किंचित तापवतात. वारा चहूबाजूंनी लागतो. हिमाचे बारीक पुंजके असल्याने वजनाच्या मानाने पृष्ठफळ अफाट असतं. आणि हवा थंड असली तरी कोरडी असते. हे सगळं जुळून येतं आणि थोडं थोडं करत हिम उडून जातं. एकेका दिवसाचा आकडा मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण हिवाळा सहा-सात महिन्यांचा आहे! दाट सदाहरित जंगलात वर्षभराच्या हिमवृष्टीपैकी ३० ते ४० टक्के अशा रीतीने जमिनीला न शिवताच परत जातं. तुमच्या जंगलाच्या २०० मिलिमीटरपैकी ६० ते ८० तिथेच गेले. ते तुम्ही ओढ्यात शोधत होतात.

हा आकडा सगळ्या उत्तरी जंगलांना मात्र लावू नका. पूर्व सायबेरियाच्या अफाट पट्ट्यात लार्च आहे. तो सूचिपर्णी असला तरी शरदात सुया गाळतो. हिवाळ्यात त्याच्या उघड्या काड्यांवर हिम टिकतं ते थोडंच. बर्च, अॅस्पेन यांचंही तेच. एकाच पाणलोटात उतार बदलला की झाड बदलतं, आणि झाड बदललं की हा वजावटीचा आकडाही बदलतो. झाडांच्या उंचीच्या दोन ते पाच पट रुंद मोकळी जागा जंगलात असेल तर तिथे सगळ्यांत जास्त हिम साठलेलं सापडतं, कारण वर फांद्या नाहीत आणि आत वारा नाही. म्हणूनच मापक तिथे ठेवतात. आणि म्हणूनच मापकाजवळची जाडी सगळ्या जंगलाची म्हणून वापरणं ही दुसरी फसगत आहे. लोक ती सर्रास करतात.

फांद्यांवरच्या हिमाने मोठमोठ्यांना चकवलं आहे. १९९४ ते १९९६ या काळात सॅस्कचेवान आणि मॅनिटोबाच्या जंगलांत ‘बोरियास’ नावाची मोठी मोजणी मोहीम झाली. विमानं, मनोरे, उपग्रह, सगळं होतं. हिमाने भरलेल्या स्प्रूसच्या जंगलाकडे वरून पाहिलं तर ते गडद दिसतं आणि वीस टक्क्यांच्या आसपासच ऊन परत पाठवतं, हे तिथे स्पष्ट झालं. त्या वेळी युरोपीय मध्यम-पल्ला हवामान केंद्राच्या मॉडेलात हिमाच्छादित जंगल जवळजवळ उघड्या हिमाइतकं पांढरंशुभ्र, ऐंशी टक्क्यांपर्यंत ऊन परतवणारं धरलं होतं. परिणामी वसंतातलं त्यांचं भाकीत उत्तरेकडे सतत जास्त थंड येत असे. तो एक आकडा सुधारला आणि भाकितातला गारठा उतरला. तेव्हा तुमच्या मॉडेलाची लाज वाटून घेऊ नका.

टुंड्रात अडवायला झाड नाही. तिथला कारभारी वारा. कोरडं हिम दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे सात-आठ मीटर झाला की हलायला लागतं. ओलसर किंवा थोडं वितळून पुन्हा गोठलेलं असेल तर दहाच्या आसपास लागतो. आधी दाणे जमिनीलगत उड्या मारत जातात, वारा वाढला की वर उचलले जातात आणि सगळा परिसर दुधाळ होतो. उड्या मारताना दाण्याचे कोपरे मोडतात, तो लहान आणि गोल होतो. हवेत असताना त्याला सगळीकडून वारा लागत असल्याने तिथेही संप्लवन जोरात चालतं. कॅनडाच्या वायव्य भागात, इनुविकजवळच्या ट्रेल व्हॅली क्रीक या पाणलोटात उघड्या टुंड्रावरच्या हिमवृष्टीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त असा हवेतच विरून जातो. त्याखेरीज बराच वाटा वाहत जाऊन दुसरीकडे बसतो.

कुठे बसतो ते महत्त्वाचं. टेकडीच्या वाऱ्याकडच्या अंगावर आणि माथ्यावर हातभरही हिम राहत नाही, कधी खडकच उघडे दिसतात. पाठीमागच्या उतारावर, ओढ्याच्या खोल पात्रात, झुडपांच्या पट्ट्यात मात्र दोन-तीन मीटर, क्वचित त्याहून जास्त. सरासरी काढली तर एक आकडा येतो, पण तो आकडा जमिनीवर कुठेच सापडत नाही. पातळ थर आठवड्यात संपतो, ढिगारे जुलैपर्यंत ठिबकत राहतात. मोजणीसाठी माझा नियम साधा आहे: पाणलोटाचे भूभागाप्रमाणे तुकडे पाडायचे (माथा, वाऱ्याकडचा उतार, आडोशाचा उतार, पात्र, झुडपं, सपाट दलदल), प्रत्येकात एक लांब रेघ आखून मोजायचं आणि मग क्षेत्रफळाच्या प्रमाणात बेरीज. सरळ सगळीकडे समान अंतरावर मोजत गेलात तर ढिगारे तुमच्या रेघेतून सुटतात, आणि पाणी तर ढिगाऱ्यांतच आहे. हे ढिगारे दरवर्षी जवळपास त्याच जागी, त्याच आकाराचे बसतात. जोराचा वारा ठरावीक दिशेनेच येतो आणि खळगे काही हलत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी नीट नकाशा केलात तर पुढची वर्षं सोपी जातात.

हिमाच्या अंगरचनेकडे वळतो, कारण जमिनीचं भवितव्य तिथे ठरतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला थर पातळ असतो. खाली जमीन शून्याच्या जवळ, वर हवा उणे तीस. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला की तळाचे कण वाफ होऊन वर सरकतात आणि वरच्या थंड कणांवर पुन्हा जमतात. काही आठवड्यांत तळाशी जाड साखरेसारखे, पैलू पडलेले, एकमेकांना न धरणारे दाणे तयार होतात. हा पुकाक. अलास्काच्या अंतर्भागात, फेअरबँक्सच्या परिसरात, वसंतापर्यंत निम्मा थर असाच झालेला असतो. उंदरांसारखे लहान प्राणी याच पोकळ थरातून हिवाळाभर वाटा काढतात.

हे दाणे उष्णता अगदी कमी वाहून नेतात. जंगलातलं हिम एकूणच भुसभुशीत, पाण्याच्या घनतेच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकं. त्यामुळे हवेत उणे चाळीस असताना पाऊण मीटर हिमाखालची जमीन शून्याखाली थोड्याच अंशांवर राहते. टुंड्रात वारा हिम ठोकून त्याची फरशी करतो. ती दाट असते, उष्णता जास्त वाहते, आणि मुळात थरही पातळ. तिथे जमीन उणे पंधरापर्यंत, कधी त्याखालीही जाते. हा फरक लक्षात ठेवा, वितळण्याच्या वेळी तो पुढे येतो.

वितळणं. तुमचं मॉडेल म्हणतं, हवेच्या प्रत्येक अंशामागे इतके मिलिमीटर. ही पद्धत वासरांतली लंगडी गाय आहे. दुसरी माहिती नसेल तेव्हा शहाणी ठरते. पण वितळवणारी ऊर्जा हवेपेक्षा जास्त उन्हातून येते. एक साधा हिशेब करून बघा. मे महिन्यात, दिवसरात्र धरून, सरासरी २५० वॅट प्रति चौरस मीटर ऊन धरा. ताजं हिम ८५ टक्के परतवतं, आत राहतात ३७ वॅट. ते सगळे वितळण्यात गेले तर दिवसाला जेमतेम १० मिलिमीटर. तेच हिम जुनं, ओलं झालं आणि परतवण्याचं प्रमाण ७० टक्क्यांवर आलं, की ७५ वॅट आत, म्हणजे दिवसाला १९ मिलिमीटर. हवा तितकीच, वितळणं दुप्पट. मध्येच दोन बोटं ताजं हिम पडलं की पुन्हा अर्ध्यावर. एकच गुणांक हे कसं पेलणार? पुढे जमिनीचे काळे ठिपके उघडे पडतात, ते तापतात, त्यांच्यावरून आलेली हवा शेजारच्या हिमाचे काठ खाते. टुंड्रातलं वितळणं शेवटी शेवटी धावत सुटतं ते यामुळे.

झाडांखाली गणित फिरतं. ऊन बहुतेक वर अडतं. पण खोड आणि पानं तापतात आणि स्वतः खाली उष्णता टाकतात. शून्य अंशाचं हिम ३१५ वॅट प्रति चौरस मीटर उत्सर्जित करतं. निरभ्र थंड आकाश त्याला याहून बरंच कमी परत देतं, म्हणून उघड्यावर रात्री हिमाचा पृष्ठभाग पुन्हा कडक गोठतो. दहा अंशांवर तापलेलं खोड मात्र ३६४ वॅट देतं. कामानिक, तो बुंध्याभोवतीचा खळगा, एक तर फांद्यांच्या छत्रीखाली हिमच कमी पडल्याने होतो, आणि वसंतात या उष्णतेने तो रुंदावतो. तरी दाट जंगलात हरवलेलं ऊन या मिळकतीपेक्षा जास्त असतं. म्हणून तिथे वितळणं संथ आणि लांबलेलं. विरळ जंगलात दोन्हींची बेरीज-वजाबाकी कुठल्याही बाजूला झुकू शकते. ढगाळ दिवस, उताराची दिशा, झाडांमधलं अंतर, सगळंच मध्ये येतं. म्हणून ‘जंगलात हिम जास्त टिकतं’ हे वाक्य मी आता फारसं वापरत नाही.

आणि वितळलं म्हणजे निघालं असंही नाही. दीडशे मिलिमीटर पाण्याचं हिम उणे १५ अंशांवर असेल तर त्याला नुसतं शून्यावर आणायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात १४ मिलिमीटर वितळलं असतं. वरचं पहिलं पाणी आत झिरपतं, थंड थरात गोठतं, गोठताना उष्णता सोडतं आणि तो थर तापवतं. टुंड्रात त्याखालची जमीनही गारठलेली, म्हणून पाणी तळाशी पोहोचताच बर्फाचा थर धरतं. कॅनडाच्या ध्रुवीय भागातल्या कॉर्नवॉलिस बेटावरच्या रेझोल्यूटला फिलिप मार्श आणि मिंग-को वू यांनी हे नीट मोजून दाखवलं, १९८४ च्या त्यांच्या लेखांत. पाणी सपाट आघाडीने उतरत नाही, बोटांसारख्या वाटा काढत उतरतं, हेही त्यात आलं. त्यामुळे काही पाणी फार लवकर तळाला जातं आणि बाकीचा थर मागे कोरडाच असतो.

आता जमीन, जिथे माझ्या मते बहुतेक मॉडेलं खरी हरतात. हिशेब जुळत नसला की आपण म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे आधी विचारायचं की ते मुरू शकतं का. गोठलेली जमीन म्हणजे फरशी, हा समज निम्माच बरोबर. डॉन ग्रे, राउल ग्रेंजर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कॅनडाच्या मैदानी शेतजमिनींसाठी तिचे तीन गट पाडले. भेगाळलेली किंवा मोठ्या छिद्रांची कोरडी जमीन जवळजवळ सगळं पिते. वरती बर्फाचा थर धरलेली किंवा ओली असताना गोठलेली जमीन काहीच घेत नाही. मधल्या गटात किती मुरेल ते दोनच गोष्टींवरून बऱ्यापैकी सांगता येतं: हिमात पाणी किती आणि जमीन गोठली तेव्हा तिच्यात ओल किती. म्हणजे मे महिन्यातला पूर बऱ्याच अंशी ऑक्टोबरच्या पावसाने ठरवलेला असतो. तुमच्या मॉडेलाला ऑक्टोबर आठवतो का, ते तपासा.

स्वीडनच्या उत्तरेला, उमेओ शहराच्या आतल्या बाजूला क्रिक्लान नावाचा पाणलोट आहे. तुमच्या दोन ओढ्यांसाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही. तिथे पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण किती यावरून ‘हे यंदाच्या हिमाचं की जुनं भूजल’ असं ओळखता येतं. दलदलीतून येणाऱ्या ओढ्यांत वसंतातल्या पुराचं पाणी बरंचसं ताजं हिमाचंच निघालं, कारण दलदलीवर बर्फाचं झाकण असतं आणि पाणी वरून घसरतं. जंगलातल्या ओढ्यांत पूर येतो तेव्हा वाहतं ते मुख्यतः जमिनीत आधीपासून असलेलं पाणी. हिमाचं पाणी मातीत शिरतं आणि जुन्याला पुढे ढकलतं. तुमचा जंगलातला ओढा रेंगाळतो त्यामागे ही देवाणघेवाणही आहे. तो यंदाचं पाणी थोडंच देतोय, बरंचसं आधीचं देतोय.

खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन असेल तर तळ बंद. पाण्याला वावर उरतो तो वरच्या तीस-चाळीस सेंटिमीटर ते मीटरभर थराचा, जो उन्हाळ्यात तेवढा मोकळा होतो. त्यातही वर जिवंत शेवाळ आणि सैल पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), ज्यातून पाणी सळसळत जातं. हातभर खाली गेलं की तेच पीट दबलेलं, कुजलेलं, आणि पाण्याचा वेग शेकडो पटींनी कमी. वितळण्याच्या सुरुवातीला गोठलेला थर अगदी वर असतो, म्हणून सगळं पाणी त्या सैल थरातूनच जातं आणि ओढ्याला लगेच पोहोचतं. ऑगस्टमध्ये गोठलेला थर खाली उतरलेला असतो, मग तेवढाच पाऊस ओढ्याला जाणवतही नाही. अलास्काच्या उत्तर उतारावरच्या इम्नावैत क्रीकमध्ये, अवघ्या २.२ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात, हिम साधारण दहा दिवसांत उतरतं आणि बहुतेक वर्षी तोच वर्षातला मुख्य पूर असतो. तुमच्या टुंड्राच्या ओढ्याचे आठ-दहा दिवस यात बसतात.

फेअरबँक्सच्या उत्तरेला कॅरिबू-पोकर क्रीक्स संशोधन पाणलोट आहे. तिथे एका उपपाणलोटात पर्माफ्रॉस्ट जेमतेम तीन-चार टक्के, दुसऱ्यात ५३ टक्के. हवामान तेच, खडक तेच. जास्त पर्माफ्रॉस्टचा ओढा पावसागणिक उसळतो आणि मग आटतो, कमीवाला संथ आणि बारमाही. उत्तरेकडे तोंड असलेले उतार काळ्या स्प्रूसचे आणि गोठलेले, दक्षिणेकडचे बर्च-अॅस्पेनचे आणि मोकळे. झाड बघून जमिनीखालचं बरंच कळतं.

नदीपात्राबद्दल थोडंच. टुंड्रात ओढ्याचं पात्रच हिमाने गच्च भरलेलं असतं. पहिलं पाणी त्यामागे काही दिवस तुंबतं आणि मग एकदम फोडून निघतं. तुमच्या आलेखातली दोन-चार दिवसांची दिरंगाई त्याची असू शकते. उत्तरेतल्या बऱ्याच मोठ्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेला वाहतात, त्यामुळे वरचा पूर खालच्या अजून घट्ट असलेल्या बर्फावर येऊन आदळतो. सायबेरियातल्या लेना नदीवरचं लेन्स्क शहर मे २००१ मध्ये अशाच बर्फाच्या अडथळ्याने बुडालं, आणि तो फोडायला विमानांतून बॉम्ब टाकले गेले. लहान पाणलोटात याची गरज नाही, पण खालचा प्रवाहमापक मोठ्या नदीवर असेल तर पाण्याची उंची वाचून प्रवाह काढू नका. बर्फ असताना ते समीकरण लागू पडत नाही.

आणखी एक इशारा. एकदा जुळवलेले आकडे आता टिकत नाहीत. टुंड्रात झुडपं वाढताहेत. ती जास्त हिम धरतात, जमीन उबदार ठेवतात, वसंतात डोकं वर काढून ऊन शोषतात. कॅनडात फोर्ट सिम्प्सनजवळच्या स्कॉटी क्रीकमध्ये पर्माफ्रॉस्टवर उभी असलेली काळ्या स्प्रूसची पठारं वितळून खचताहेत, सुटी सुटी डबकी एकमेकांना जोडली जाताहेत आणि पूर्वी ओढ्याला न मिळणारं पाणी मिळू लागलंय. हिवाळ्यात पाऊसही पडतो. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटावर हिमावर पाऊस पडून तळाशी बर्फ धरला, आणि चारा त्याखाली गेल्याने सुमारे २०,००० कस्तुरी बैल मेले. तो तळचा बर्फ पाण्याच्या हिशेबातही तेवढाच निर्दयी आहे. वसंतात खाली काहीच मुरू देत नाही.

तर काय करावं? मापकाची वाऱ्यासाठी दुरुस्ती करा. जंगलासाठी फांद्यांवरचं हिम ही वेगळी टाकी घाला, टुंड्रासाठी भूभागाचे तुकडे आणि त्यांच्यातली वाऱ्याची ने-आण. वितळण्यात निदान ऊन आणि हिमाचं वय आणा. जमिनीला शरदातली ओल द्या. सगळं एकदम जमणार नसेल तर मॉडेल बाजूला ठेवा आणि वितळायला लागण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही पाणलोटांत जाऊन प्रत्यक्ष साठलेलं पाणी मोजा, मग तिथूनच मॉडेल सुरू करा. हिवाळाभराच्या अर्ध्या चुका त्या एका फेरीत मागे पडतात.

जाडीची मापं भरपूर घ्या, वजनाची कमी चालतील. जाडी पावलापावलाला बदलते, घनता तेवढी नाही. वजनासाठी नळी सरळ खाली, जमिनीत घुसेपर्यंत दाबा आणि किंचित फिरवून काढा. तळाचे पुकाकचे दाणे सुटे असतात, नळीतून वाळूसारखे गळून जातात आणि दहा-वीस टक्के पाणी मागेच राहतं. म्हणून नळी वर काढल्यावर आधी तिचं तोंड बघा. शेवाळाचं किंवा मातीचं बूच बसलेलं असेल तर ते खरवडून टाका आणि वजन करा. बूच नसेल तर ते माप लिहू नका, दोन पावलं सरकून पुन्हा घ्या.